दर मुलामागे

१२ जानेवारी, सोमवार
सेनगावला मीटिंग. आम्ही सगळे केंद्रप्रमुख. साहेबांनी नवीन तक्ता दिला. आपापल्या केंद्रातल्या प्रत्येक शाळेचा वर्षाचा खर्च मांडायचा, त्याला पटावरच्या मुलांनी भागायचं, म्हणजे दर मुलामागे खर्च. त्याच्या शेजारी परीक्षेचा निकाल. शेवटचा रकाना आपला अभिप्राय. 'चालू ठेवावी' नाहीतर 'जवळच्या शाळेत मिळवावी'. दोनातलं एक.
साहेब म्हणाले, "खर्च जास्त आणि निकाल कमी, अशा शाळा आपोआप वर येतील. अवघड काही नाही, मॅडम."
वर कोण येणार हे मला तिथं बसल्या बसल्याच कळलं. करंजवस्ती. सात लेकरं, दोन शिक्षक.
हिंगोलीच्या बसला उभं राहून आले. पाय दुखताहेत.

१४ जाने., बुधवार
संक्रांत. बायका येऊन गेल्यावर तक्ता घेऊन बसले. करंजवस्तीचा भागाकार केला आणि चूक झाली की काय म्हणून परत केला. चूक नव्हती. सावरदरीच्या मोठ्या शाळेत एका लेकरामागे जे लागतं, त्याच्या कितीतरी पट करंजवस्तीला. निकालात सावरदरी पहिली. करंजवस्ती मधेच कुठंतरी.
पण बाकीच्या शाळा बघता बघता अडकले. दोन गावं, खर्च जवळजवळ सारखा, निकाल एकाचा वर, एकाचा पार तळाला. मग खर्चाचा आणि निकालाचा संबंध काय? असेलच, पण या तक्त्यात तरी दिसत नाही.
हे म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी तरी शाळा बाजूला ठेव." ठेवली. डोक्यातून गेली नाही.

१७ जाने., शनिवार
सकाळची शाळा, सावरदरी. जाधव गुरुजी मुख्याध्यापक. शिष्यवृत्तीत आलेल्या मुलांचे फोटो फळ्याच्या वर ओळीने लावलेत. मनापासून कौतुक केलं. गुरुजी राबतात, खोटं नाही.
चहा घेताना विचारलं, एवढा निकाल कसा काढता?
"मॅडम, तुमच्यापासून काय लपवायचं. फोटोतली बहुतेक पोरं संध्याकाळी क्लासला जातात. गावातच आहे. आईबाप फी भरतात. आम्ही पाया घालतो, वरचं तिकडं होतं."
म्हणजे तो खर्च माझ्या तक्त्यात नाहीच. फीचा रकाना कुठाय?
चौथीच्या वर्गात मागच्या बाकावरच्या तिघा-चौघांना वाचायला लावलं. अडखळत, बोट ठेवून. दोघांना नाहीच आलं. बाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, एवढ्या मुलांत मागपर्यंत पोचणं होत नाही. या बाई मूळच्या करंजवस्तीच्या. इथं शिक्षक कमी म्हणून वर्षभरापासून तात्पुरत्या इकडं. पगार अजून तिकडच्याच खर्चात धरलेला! शिकवतात सावरदरीला, महाग होते करंजवस्ती.
आमच्या लेकीच्या, मुक्ताच्या क्लासची फीसुद्धा आठवली. तिचे मार्क आले तर कॉलेज फोटो लावणार.

२१ जाने., बुधवार
करंजवस्ती. सावरदरीपासून स्कूटी ओढ्यापर्यंतच जाते, पुढं चालत. आता ओढा कोरडा आहे. दोन्ही बाजूंना तूर काढून झालेली, नुसत्या तुराट्यांच्या पेंढ्या.
शेख सर एकटेच. चारही वर्ग एका खोलीत. गोल करून बसवलेली लेकरं. पहिलीतलं पोरगंसुद्धा पाटीवर स्वतःचं नाव लिहितं. सगळ्यांना वाचायला लावलं. सगळ्यांनी वाचलं. सगळ्यांनी!
मी म्हणाले, मग निकाल मधेच कसा?
सर हसले. "मॅडम, मागच्या साली चौथीला दोनच लेकरं. परीक्षेच्या दिवशी एकाला ताप. निकाल सीधा अर्ध्यावर. सावरदरीत एकाला ताप आला तर कुणाला कळतंय?"
हे मला अगोदर कसं सुचलं नाही. दोघांच्या वर्गाची टक्केवारी काढायची म्हणजे...
यंदा चौथीला एकटी पायल. गोरीशी, किडकिडीत, खणखणीत वाचते. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून भिंतीकडं बघत बसली. मधल्या सुट्टीत पहिलीच्या पोरांना खेळवत होती, म्हणजे सांभाळतच होती.
निघताना सरांना अभिप्रायाच्या रकान्याचं सांगितलं. लपवून काय करू. म्हणाले, "जे बराबर वाटंल ते लिहा. मला तकलीफ न्हाई. मला कुठं पण शाळा मिळंल."

२२ जाने., गुरुवार
एका बैठकीत पानभर लिहिलं. लहान शाळेचा निकाल टक्क्यांत मोजणं चुकीचं. दुसऱ्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंचा पगार इथं धरलाय. घरचा क्लास कुठंच धरलेला नाही. ओढा, अंतर, लहान लेकरं. शेवटी : चालू ठेवावी. तक्त्याला जोडून देणार.
शेख सरांना फोनवर सांगितलं, आकड्यांसकट. यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "वकील व्हायला पाहिजे होतीस." फार दिवसांनी काही चांगलं केल्यासारखं वाटतंय.

२७ जाने., मंगळवार
सेनगावच्या ऑफिसात एक बाई शोधत आली. बाजाराची पिशवी, डोक्यावर पदर. पायलची आई, कांताबाई. मला वाटलं आभार मानायला.
"मॅडम, तुमी शाळा वाचवून राहिल्या म्हणं."
म्हटलं, प्रयत्न करतेय.
"काहून?"
ती खाली बसायलाही तयार नव्हती.
"सर लई चांगले हायेत. त्यांच्यावर बोट न्हाई. पण माझी लेक वर्गात एकटी. कोणासंगं भांडंल, कोणासंगं खेळंल? कालच्या झेंडावंदनाला सावरदरीच्या पोरींनी लेझीम केलं. ही बगत उभी राहिली. घरी येऊन जेवली न्हाई. तुमी मनता एका लेकरामागं एवढे पैसे लागतात. मंग त्या पैशाची एक गाडी द्या न् आमचे लेकरं मोठ्या शाळेत न्या की."
मी ओढ्याचं बोलले. पहिलीच्या लेकरांचं बोलले.
"त्यांचं त्यांचे मायबाप बगतील. मी माझ्या लेकीचं सांगाय आले."
गेली. पिशवीतली मेथी दारात सांडली होती थोडी, ती वेचून गेली.
माझ्या पानात अंतर होतं, पगार होता, टक्केवारी होती. पायल कुठंय त्यात? भिंतीकडं बघत बसलेली मी स्वतः बघितली होती. आणि लिहिलं नाही.

२९ जाने., गुरुवार
करंजवस्तीला पालकांची बैठक घेतली. शाळेसमोरच्या लिंबाखाली. सगळे आले, घरंच मोजकी.
पहिलीतल्या पोराचा बाप बबन, आवाज चढवूनच बोलला, "ओढ्याला पाणी आल्यावर सहा वर्षाचं लेकरू कोण न्यायचं? शेतातलं काम सोडून मी नेऊ?"
कांताबाई : "गाडी मागा."
बबन : "गाडी दोन महिने येईल, मंग बंद पडंल. मंग शाळा बी गेलेली न् गाडी बी. लेकरू घरी." माझ्याकडं वळून, "गाडी बंद पडणार न्हाई असं लिहून देता का, मॅडम?"
नाही देऊ शकत. तसं सांगितलं.
दोघांचंही खरं आहे. दोघं माझ्याकडं बघताहेत आणि माझ्याकडं दोनच पर्याय.
शेवटी शेख सर बोलले. इतका वेळ दाराशी उभे होते. "कांताबाई, पायलला आत्ताच सावरदरीला घाला. दाखला मी देतो. मोठी झाली ती, चालत जाईल. बारके राहू द्या माझ्याजवळ."
मी सरांना बाजूला घेतलं. म्हटलं, एक गेली की सहा उरतील. तिची बहीण दुसरीत, तीही मागं जाईल. खर्चाचा आकडा आणखी फुगेल. शाळा टिकायची नाही.
म्हणाले, "मालूम है, मॅडम. पण पोरगी माझ्या पटासाठी थोडीच शिकती."

३१ जाने., शनिवार
पान फाडलं नाही, पण नव्याने लिहिलं. पहिली-दुसरी वस्तीवरच राहावी. तिसरी-चौथी सावरदरीला, पण गाडी असेल तरच. बाई परत मिळाव्यात किंवा त्यांचा पगार तरी सावरदरीत धरावा. आणि एक वाक्य घातलं, की लेकराला सोबत लागते, हाही शाळेचा भाग आहे. सरकारी कागदात असं वाक्य लिहायला हात धजत नव्हता.
अभिप्रायाचा रकाना मोकळा.

२ फेब्रु., सोमवार
साहेबांनी पान पूर्ण वाचलं. त्यांचं हे चांगलं आहे, वाचतात.
"मॅडम, पटतंय मला. पण गाडीला माझ्याकडं तरतूद नाही. अर्धी शाळा इकडं, अर्धी तिकडं, हे बसवायला या कागदात जागा नाही. रकाना मोकळा गेला तर वरचे त्यांना पाहिजे ते भरतील."
"मग तुम्हीच भरा, सर."
"शाळा मी नाही बघितली. तुम्ही बघितली."
बराच वेळ पेन हातात. बबनचं पोरगं आठवलं, पाटी पुढं करणारं. मग पायल. 'चालू ठेवावी' लिहिलं. पान जोडलं. साहेबांनी माझ्यासमोर सही केली. वर जाईल म्हणाले. पान वाचलं जाईल का, हे त्यांनाही माहीत नाही.
बसमध्ये खिडकी मिळाली. डोळे मिटून घेतले, झोप नाही.

९ फेब्रु., सोमवार
पायलचा दाखला सावरदरीत. धाकटी बहीणही गेलीच. करंजवस्तीत आता पाच. शेख सरांनी फोनवर सांगितलं, आवाज नेहमीसारखाच. मधेच म्हणाले, "खोली मोठी वाटायली."
 मी म्हणाले, हजेरीपत्रक नीट ठेवा. काहीही बोलते मी.

२० फेब्रु., शुक्रवार
बबनचा फोन. शाळा बंद व्हायचं ठरलं का? म्हटलं, नाही, आदेश नाही. "मंग कांताच्या पोरी काहून गेल्या?" रागात होता. वस्तीवर दोन घरांचं बोलणं बंद झालंय म्हणतात. एका रकान्यानं शेजार तोडला. की मी बैठक घेतली त्यानं? बैठक न घेताही कांताबाई गेलीच असती, असं म्हणून बघितलं. पुरतं पटलं नाही.
वसमतच्या एका केंद्रप्रमुख मैत्रिणीशी बोलले. तिच्याकडंही असाच तक्ता, अशीच वस्ती. तिनं सरळ 'मिळवावी' लिहिलं. "तुला झोप लागते का?" विचारलं. म्हणाली, "तुला लागते?"

७ मार्च, शनिवार
घरोघरी हळद शिजायला लागलीय. सावरदरीत शिरतानाच वास. काहिलींचा धूर रस्त्यावर. शाळेत पोरांची हजेरी कमी, मोठी पोरं शेतात.
पायल आली होती. तिच्या धाकट्या बहिणीला घेऊन रोज चालत येते, सोबत ओढ्यापर्यंत आई. मधल्या सुट्टीत लंगडी चाललेली. मी दारातून बघत होते. ओरडत होती, भांडत होती, एका पोरीची वेणी ओढली. करंजवस्तीत तिचा आवाज वाचताना सोडून ऐकलाच नव्हता.
बरं वाटलं. खूप.
मग वर्गात बसले. ती शेवटून दुसऱ्या बाकावर. पूर्ण तासभर तिला कुणी काही विचारलं नाही. हात वर केला होता, दोनदा तरी. बाईंचं लक्ष पुढच्या गर्दीत. मग तिनं हात खाली घेतला आणि शेजारणीशी बोलायला लागली.
बाईंना नंतर म्हटलं, पायलला वाचायला लावत जा, ती छान वाचते. "व्हय की, आमच्याच शाळेतली आहे ती," म्हणाल्या. 'आमच्या शाळेतली' म्हणताना त्या करंजवस्तीच म्हणत होत्या.

१६ मार्च, सोमवार
मीटिंगमध्ये तक्त्याचा विषय नव्हता. मीच काढला. साहेब म्हणाले, वरून काही नाही. जूनच्या आत येईल किंवा येणारही नाही. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना चाललीय म्हणे, आपला जिल्हा खर्चात कुठं, निकालात कुठं. एवढ्या मोठ्या बेरजेत करंजवस्तीची पाच लेकरं कुठं दिसणार.
शेख सर पलीकडच्या आखाड्यांवर, शेतातल्या घरांवर फिरून आले. तीन घरांत शाळेच्या वयाची लेकरं सापडली, जूनमध्ये पहिलीला घालतो म्हणालेत आईबाप. सरांना विचारलं, आदेश आला तर? "तोपर्यंत तर अक्षर ओळखतील," म्हणाले.

२५ मार्च, बुधवार
सावरदरीहून निघताना पायल फाटकापर्यंत पळत आली. हातात चिंचा. मला दोन दिल्या.
"मॅडम, तुमी आमच्या सरच्या शाळेत जायलात का?"
म्हटलं, हो, तिकडंच.
"मंग सरला सांगा ना..." आणि थांबली. मागं मैत्रिणी हाका मारत होत्या.
"काय सांगू?"
"हितंच या म्हना."
"आणि बारकी लेकरं गं? बबनचा पोरगा?"
तिनं हे धरलं नव्हतं. चिंच चोखत विचार करत राहिली, कपाळाला आठी घालून. मग म्हणाली, "त्यायला बी आना की." आणि पळाली.
ओढ्याशी स्कूटी लावली. पलीकडून करंजवस्तीच्या खोलीतला पाढ्यांचा आवाज येत होता. पाच जणांचा, पण मोठ्यानं. सरांना काय सांगायचं ते ठरवत काठावर जरा वेळ उभी राहिले, आणि मग ओढ्यात उतरले.