खंडेरावचा घाईचा सत्कार

मी, गोटीराम सावळीराम विधाते, वय ७१, धंदा फुलशेती, राहणार गंगापूर रोड, नाशिक, लिहून ठेवतो की माझी अक्कल आज ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचे इथे काम नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून करत नाही; कोणाचे ऐकायची मला सवयच नाही.

१. राहते घर पत्नी नवसाबाई हिचे, तिच्यामागे मुलगा ज्ञानेश याचे. ती असेपर्यंत तिची खोली कोणी बदलू नये.

२. गुलाबाचा मळा ज्ञानेशचा. बँकेतली ठेव मुलगी सुवर्णा हिची. ज्ञानेशने कुरकुर करू नये. लग्न होऊन वणीला जाईपर्यंत मळ्यात त्याच्यापेक्षा तीच जास्त राबली.

३. मळ्याला लागून सहा गुंठे जागा आहे, तिथे आमच्या मंडळाचा संघ कबड्डी खेळतो. ती मंडळाला द्यावी. बिल्डर येऊन चहा पिऊन गेले. पुन्हा आले तर पुन्हा चहाच द्यावा.

याच जागेत माझ्या हातून चूक झाली, तीही लिहितो. भाजीबाजारात गाळा असलेला आमचा खंडेराव मंडलिक याची चढाई मी १९८२ पासून पाहतो. तो गडी मारून रेषेवर परतला की मी उड्या मारत असे. चाळिशीनंतर मात्र कालची पोरे त्याचा घोटा धरून त्याला लोळवू लागली. ते बघवेना. आणि तो संघात नाही असे कळले, तर सामन्याला जावेसेही वाटेना. शेवटी २००२ साली, त्याला न विचारता, मी मैदानात फलक लावला : 'निवृत्तीनिमित्त भव्य सत्कार'. शाल, श्रीफळ, पाहुणे, सगळे जमवले. खंडेरावने फलक वाचला, शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि खेळायला उतरला. हरला. तेव्हापासून माझ्याशी बोलला नाही. मी त्याला मान देतोय असे मला वाटत होते. खरे तर माझ्या जिवाचा घोर मिटावा म्हणून मी त्याला घरी बसवत होतो. याची मला लाज वाटते.

४. सदर जागेस 'खंडेराव मंडलिक क्रीडांगण' असे नाव द्यावे. (रद्द.)

रद्द का, ते असे. आज सकाळी साक्षीसाठी त्याला निरोप धाडला. येईल असे वाटले नव्हते, पण आला. इथवर वाचून म्हणाला, "गोटीनाना, हे कलम खोडा."

"का रे, अजून राग हाय?"

"राग नाय. पण माझ्या नावाची पाटी लागल्यावर मला आत कोण घेईल? पाटीवाल्याला खुर्चीत बसवत्यात."

"पोरं पुन्हा आपटतील तुला."

"आपटू द्या. तुम्ही बघायला या. लय दिवस आला नाय तुम्ही."

मी कलम खोडून बाजूला सही केली. नवसाबाईने त्याला जेवल्याशिवाय सोडले नाही. माझी आता कोणाविषयी तक्रार नाही.

ठिकाण : नाशिक
दिनांक : १४ मार्च २००४
सही : गोटीराम सावळीराम विधाते

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. साक्षीदार :

१. जीवन कचरू तिडके, वय ५२, धंदा : किराणा दुकान

२. खंडेराव सहादू मंडलिक, वय ४३, धंदा : भाजीविक्री (हे साक्षीदाराने स्वतः खोडले) कबड्डी