न वाचता मारलेला शिक्का

योकोहामा
११ सप्टेंबर २०११

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही तिघं खुशाल. रणजितची बँक, आर्याची शाळा, माझं सतरा प्रकारांत कचरा वेगळा करणं, सगळं सुरळीत आहे. भूकंपाला आज सहा महिने झाले. अजून अधूनमधून जमीन हलते. मग आर्या टेबलाखाली आणि मी रामरक्षेत.

तुझ्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कांजीवर, म्हणजे इथल्या चिनी अक्षरांवर, लेख हवा असं तू तिसऱ्यांदा लिहिलंस. विषय गोड आहे. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती. दारात कान काढला की झालं ऐकणं. हे सगळं मला पाचव्या मजल्यावरच्या ओनोआजींनी शिकवलं. पहिलं अक्षर पाण्याचं: मधे धार, दोन्हीकडे शिंतोडे. माझी धार वाकडी आली की म्हणायच्या, "ज्योत्स्ना-सान, तुमचा नळ गळतोय."

पण लेख माझ्याच्यानं होत नाही, ताई. वेळ नाही म्हणून कळवलं होतं, ते खोटं होतं.

आमच्या इमारतीत सूचनांची फाइल घरोघर फिरते. वाचायची, आपली प्रत काढून घ्यायची, नावापुढे शिक्का मारायचा आणि शेजारी द्यायची. तीन वर्षं मी न वाचताच शिक्का मारत आले. वाचता येत नाही म्हणायची लाज वाटायची. तुम्हाला तर मी जपानी पेपर वाचते असंच सांगून ठेवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मार्चमध्ये ठरवून वीज घालवत. पंप बंद, लिफ्ट बंद. तेव्हा एक फाइल आली. मी शिक्का मारला, प्रत रद्दीत टाकली. त्याच आठवड्यात, गुरुवारी, ओनोआजी खालून पाण्याची बादली घेऊन जिना चढताना पडल्या. खुबा मोडला. हॉस्पिटलात संत्री घेऊन मी सगळ्यांच्या आधी गेले, तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं.

जूनमध्ये रद्दीचे गठ्ठे बांधताना आर्याला तो कागद सापडला. ती इथल्या शाळेतली, भराभर वाचते. म्हणाली, "आई, एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना पाणी कुणी नेऊन द्यायचं, त्याची लिस्ट आहे. गुरुवार, ओनो-सान, आणि पुढे आपलं नाव."

पाण्याचं अक्षर त्या पानावर सहा वेळा होतं, ताई. तेवढं तर मला येत होतं. मी पाहिलंच नाही.

याहून वाईट पुढे आहे. मी आर्याला बजावलं, आजींना सांगू नकोस. त्या आता घरी आल्यात, वॉकर धरून चालतात, पण तेव्हापासून पोर त्यांच्याकडे जात नाही. चल म्हटलं की जपानीत एकच, "इयादा." नको. नऊ वर्षांच्या मुलीला मी माझं पाप सांभाळायला दिलं. आणि ती फाइल ओनोआजींच्या घरीही गेली असणारच. त्यांना ठाऊक आहे का, हे विचारायची माझी छाती होत नाही.

इथवर लिहिलं आणि स्वतःचीच किळस आली. आर्याचा हात धरून वर जाते आहे.

आले. कागद पुढे ठेवला, सगळं सांगितलं, रडले. ओनोआजींनी खणातून स्वतःची प्रत काढली. माझ्या नावाखाली पेन्सिलीची रेघ होती.

"चार वाजेपर्यंत वाट पाहिली," त्या म्हणाल्या. "मग वाटलं, ज्योत्स्ना-सानला वाचता आलं नसेल. मीच नीट शिकवलं नाही."

रागावल्या असत्या तर सोसलं असतं गं.

मग त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "वाचा." एका पानाला पाऊण तास लागला. अडले की आर्या सांगत होती, आजींना अगदी चिकटून बसून. शेवटी माझं नाव आलं. तेही मोठ्यानं वाचायला लावलं.

लेख पाठवत नाही. मंडळात हे पत्र वाचून दाखव.

तुझी,
जपानी पेपर कधीच न वाचलेली
ज्योत्स्ना