डोळ्यांभोवतीचा वळ

सौभाग्यवतीस सप्रेम आशीर्वाद. ईश्वरकृपेने येथे सर्व कुशल. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव.

कानाचा पडदा फाटल्यापासून आपण पाण्याखाली उतरत नाही, पर्यटकांचे हवेचे सिलिंडर भरून नावेतच बसतो, असा शब्द चिरंजीवाने तुला दिला आहे. येथला समुद्र ताटातल्या पाण्यासारखा शांत आहे. तळाची प्रवाळे वरूनही दिसतात. तरी माझ्या मनात पाल चुकचुकते. डोहात दडणाऱ्याला वरचे निश्चल पाणीच साथ देते, असे पुराणे सांगतात.

काल जेवताना त्याच्या डोळ्यांभोवती गोल वळ दिसला, पाणबुड्यांचा काचेचा मुखवटा दाबून उमटवतो तसा.

सूनबाई म्हणाली, "बाबा, उन्हाने झालंय ते."

मी म्हटले, "सूर्यनारायण गोल काढायला कधी शिकले?"

ती हसली. तो हसला नाही. मी त्याच्या डाव्या बाजूस बसलो होतो, त्याला ऐकूच आले नाही.

दुसरा कान तरी त्याने राखावा. समोर बोललो की तो विषय बदलतो. म्हणून हे पत्र टपालात टाकण्यास त्याच्याच हाती देतो आहे, पाकीट न चिकटवता. दुसऱ्याची पत्रे वाचण्याची त्याची खोड तू मोडू पाहत होतीस. ती मोडली नसावी, एवढीच प्रभूचरणी प्रार्थना.

तुझ्या काळजीत निम्मा वाटेकरी,
मी