जिन्यातला दिवा आणि माझा सर्व्हर

३ मार्च, सोमवार
सेक्रेटरीने मला इमारतीच्या ग्रुपमधून काढलं. सकाळी चहा घेताना कळलं. कारण, जिन्यातल्या दिव्यावरचा माझा मजकूर. बटण दाबलं की दिवा लागतो आणि माणूस तिसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत विझतो. एवढंच लिहिलं होतं. सहा भागांत. सहावा टाकला आणि मी बाहेर.
बायको म्हणाली, बरं झालं, आता तरी जेवताना फोन खाली ठेवाल. ही घरची माणसं!
स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, मजकूर लांब होता का? होता. पण विषयच तीन मजल्यांचा होता.
मला सत्कार नको. त्या माणसाने तो मजकूर एकदा शेवटपर्यंत वाचावा. बस्स.

४ मार्च, मंगळवार
ठरलं. घरीच सर्व्हर उभा करणार. स्वतःची साइट. दुसऱ्याच्या ग्रुपमध्ये असणं म्हणजे भाड्याने राहणं. आपल्या घरात, आपल्या मशीनवर आपल्याला कोण काढणार?
ऑफिसात अकाउंट्सच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, अहो, साइट फुकटात मिळते की हल्ली. बाईंना मुद्दाच कळला नाही.
एक शनिवार-रविवार पुरेल.

८ मार्च, शनिवार
माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढला. झाकण बिजागरीतून सुटलंय, ते भिंतीला टेकवलं. जागा, पॅसेजमधलं चपलांचं कपाट, वरची फळी. राउटर तिथेच आहे. जेवणापर्यंत होईल.

त्याच दिवशी, संध्याकाळी
झालं नाही. पाया मात्र घातला गेला. घरातलं इंटरनेट दुपारपासून बंद आहे, तो पायाचाच भाग.
मुलीचं कॉलेजचं काहीतरी पाठवायचं अडलं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही काय करताय हे तुम्हाला तरी माहितीये का? म्हटलं, पोर्ट उघडतोय. ती म्हणाली, कुठलं? मी उत्तर दिलं नाही. (मला माहीत नव्हतं. पण तिची विचारण्याची पद्धत बरोबर नव्हती.)

९ मार्च, रविवार
इंटरनेट कंपनीला फोन. म्हटलं, घराला कायमचा आयपी पत्ता हवाय, म्हणजे बाहेरच्यांना माझा सर्व्हर सापडेल. पलीकडची मुलगी म्हणाली, सर, घरी कशाला लागतो हो? मी जिन्यातल्या दिव्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या मजल्यापर्यंत आलो आणि फोन कट झाला.
पुन्हा लावला. पुन्हा कट. माझा संशय आहे की सेक्रेटरीची तिथेही ओळख असावी. हा संशय रास्त आहे का? नाही. तरी आहे.

१५ मार्च, शनिवार
साइट सुरू! पत्ता मिळाला, पान उघडलं. थोडंफार टाइपिंग मुलीने केलं. (सगळं.) कल्पना माझी.
नाव, 'दिवा: खरी बाजू'. पहिल्या पानावर पहिला भाग, मग प्रत्येक भागाला वेगळं पान. म्हणजे कोण कुठपर्यंत वाचतो ते मला कळेल.
साइटच्या पत्त्याची चिठ्ठी खालच्या नोटीस बोर्डावर लावली. संध्याकाळपर्यंत गायब. बोर्डाची किल्ली कोणाकडे असते? सेक्रेटरीकडे. म्हणजे पत्ता पोचला.
लॅपटॉपचा पंखा घरघरतो. बायको म्हणाली, चपलांच्या कपाटाला दमा लागलाय.

१७ मार्च, सोमवार
ऑफिसात दर थोड्या वेळाने साइट उघडून बघितली. उभी आहे. समाधान वाटलं.

१९ मार्च, बुधवार
सर्व्हरवर लॉग असतो. कोण आलं, कधी आलं, काय उघडलं, सगळं त्यात. घरातून मी स्वतः उघडतो ते मोजत नाही. उगाच आकडा फुगवायचा नाही, हे पहिल्या दिवसापासूनचं तत्त्व.
ते वजा करूनही एक माणूस येतोच आहे! एकाच पत्त्यावरून. दिवसातून वीस-वीस वेळा. नाव कळत नाही, पत्ता म्हणजे नुसते आकडे. मुलीने बघून सांगितलं, हे कुठल्यातरी ऑफिसचं कनेक्शन वाटतंय.
सेक्रेटरीचं विम्याचं ऑफिस आहे. आणखी काय पुरावा हवा?
मात्र फक्त पहिलं पान उघडतो. पुढे जात नाही. सत्याचा सामना करायची हिंमत लागते.

२३ मार्च, रविवार
काल नाही, आज नाही. सुट्टीच्या दिवशी येत नाही. म्हणजे हा माणूस कामाच्या वेळात, लोकांच्या विम्याचे कागद बाजूला सारून माझी साइट उघडून बसतो. पगार कशाचा घेतो? लाज वाटायला हवी.
पहिल्या पानावर ओळ घातली: 'चोरून बघणाऱ्यांनी निदान दुसरं पान तरी उघडावं.' बायकोला दाखवली. ती म्हणाली, कोणाला बोलताय? म्हटलं, ज्याला कळायचं त्याला कळेल.

२४ मार्च, सोमवार
आला. ओळीखालूनच आला, निर्लज्ज. दुसरं पान उघडलं नाही.

२७ मार्च, गुरुवार
ताप. रजा. दिवसभर घरी. लॉग बघत पडलो. गंमत म्हणजे आज तोही आला नाही. साथच आहे म्हणतात. क्षणभर त्याची काळजी वाटली. लगेच आवरली.

५ एप्रिल, शनिवार
लिफ्टमध्ये सेक्रेटरी समोर उभा! तो आणि मी, दोघंच.
तो म्हणाला, काय साहेब, हल्ली ग्रुपवर दिसत नाही?
काय हा कोडगेपणा! मी थेट विचारलं, मजकूर वाचलात का? तो म्हणाला, जिन्यातल्या दिव्याचा ना? पहिला भाग वाचला की. लगेच इलेक्ट्रिशियनला फोन केला. टायमर वाढवून घेतला, महिना झाला. तुम्ही लिफ्टने येता-जाता, तुम्हाला कसं कळणार? मग पुढचं वाचायची गरजच पडली नाही. त्या दिवशी फोन सारखा वाजत होता म्हणून तुम्हाला तेवढ्यापुरतं काढलं, परत घ्यायचं राहूनच गेलं. घेऊ का?
पहिला भाग! लॉगही नेमकं तेच सांगतो. कबुलीच दिली.
मी म्हटलं, आधी सहावा भाग वाचा, मग बोलू. माझा मजला आला. मी उतरलो. मागे वळून पाहिलं नाही.
दिवा दुरुस्त झाला असेल. प्रश्न दिव्याचा नाहीच.

६ एप्रिल, रविवार
आता कडक पाऊल. तीन आठवडे येतो, एक भाग वाचतो आणि वर उपकार केल्यासारखा बोलतो. तो ऑफिसचा पत्ता सर्व्हरवर कायमचा बंद केला. यावेळी सगळं टाइपिंग मी स्वतः केलं.
आता उघडायला गेला की त्याला हे दिसेल: 'आपल्याला येथून काढण्यात आले आहे. कारण आपण जाणता. परत यायचे असल्यास लेखी माफी मागावी. सबब ऐकली जाणार नाही. नियम सर्वांना सारखा.'
स्वतःला विचारलं, हा सूड आहे का? थोडा. पण शुद्धलेखन तपासलंय.
बायको म्हणाली, एकच गिऱ्हाईक होतं, तेही हाकललंत.

७ एप्रिल, सोमवार
काय लिहावं?
सकाळभर मीटिंग. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या चौघांना मुद्दाम टेबलापाशी बोलावलं. म्हटलं, या, आज तुम्हाला माझी साइट दाखवतो, स्वतःच्या सर्व्हरवर चालते. अकाउंट्सच्या बाई डबा हातात घेऊनच आल्या. पत्ता टाकला. एंटर दाबलं.
आपल्याला येथून काढण्यात आले आहे.
बाईंनी मोठ्याने वाचलं. 'कारण आपण जाणता' इथे थांबल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, अहो, तुम्ही केलंत तरी काय एवढं?
म्हटलं, तांत्रिक अडचण. पुन्हा उघडलं. तेच. बाई म्हणाल्या, मागून टाका ना माफी, कशाला वाढवता?

त्याच दिवशी, घरी
लॉग बघितला. काढलेला माणूस आज जेवणाच्या सुट्टीत दोनदा येऊन गेला. मुलीला विचारलं, तुला तो पत्ता कुठल्या ऑफिसचा वाटला होता? ती म्हणाली, ते मला कसं कळणार? पण बाबा, तुम्ही ऑफिसातून साइट बघता का हो?
मी म्हटलं, अधूनमधून.
ती उठून आतल्या खोलीत गेली. मग आईच्या आणि तिच्या हसण्याचा आवाज आला.

९ एप्रिल, बुधवार
दोन दिवस ऑफिसातून साइट बघितली नाही. लॉगमध्ये भेटी, शून्य. सेक्रेटरी एकदाही आलेला नाही. आजच नव्हे. कधीच.
बंद केलेला पत्ता उघडायला मिनिटभर लागेल. पण नियम सर्वांना सारखा, हे मीच लिहिलंय. उद्या कोणी म्हणायला नको की याने स्वतःसाठी सवलत ठेवली.
म्हणून लेखी माफी लिहिली. सगळी पार्श्वभूमी देऊन, काहीही न लपवता. सात भाग झाले.
मग ती मान्य करायची की नाही हे ठरवायला वाचायला घेतली. पहिला भाग वाचला. पुढचं वाचवेना.