तू पाहुणा नव्हतास, दादूस

दादूस,

आणि ते "भावकीचा काम हाय, बिल कसला?" हे तर मला परत सांगूच नकोस! दर फोनला तेच ऐकवून तू मला गप्प केलंस. आता मेलास तरी तुझंच खरं? नाही. आज मी बोलणार आणि तू ऐकणार. मध्ये तोडायला तू नाहीस, तेवढा एकच फायदा.

आज लिहितोय ते वहिनीमुळे. सकाळी तिचा फोन आला. तुझं डेकोरेशनचं काम तिने परत सुरू केलंय. कामोठ्याला येत्या रविवारच्या हळदीची ऑर्डर घेतली आहे, स्टेज आणि दारातली कमान, दोन्ही. सुकापूरच्या आपल्या घरात बसून फुलं ओवणार आणि गावातली दोन पोरं शिडीवर चढवणार.

"वहिनी, शिडी कुठली?"

"तीच. वेल्डिंग करून घेतली ना, भावजी. आता काय नाय व्हत."

काय नाय व्हत! हे वाक्य तूच शिकवलंस ना तिला?

तुझं काम चांगलं होतं, कोण नाही म्हणतो? झेंडूचा मोर असा करायचास की नवरा-नवरी सोडून लोक त्याच्यासोबत फोटो काढायचे. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओटीवर पाइप, पलंगाखाली प्लास्टिकच्या वेली, कपाटावर थर्माकोलचे खांब. वहिनी म्हणायची, "आमचे घरान मानसां कमी आन मोर जास्त." तू हसायचास. मग त्या मोरांचा धंदा होता, हे कबूल करायला तुझी जीभ का अडकायची?

मी इथे ओमानात परांची बांधतो. सातवीत शाळा सोडलेला माणूस मी, पण कंबरेला बेल्ट लावल्याशिवाय मला पहिल्या पायरीवर कोणी चढू देत नाही. गळ्यात विम्याचं कार्ड असतं. व्हिडिओ कॉलवर तुला तो बेल्ट दाखवला होता. म्हटलं, दादूस, असला एक घे. तुझं उत्तर काय? "आरं, हलदीला बेल्ट लावून चरलो तं लोक बोलतील, नवऱ्यापक्षा डेकोरेशनवालाच नटलाय!"

हसलो मी पण. तुझ्यावर रागावून राहता यायचं नाही, हीच तर तुझी खोड.

नवीन पनवेलचा तो विमा एजंट मीच तुझ्याकडे पाठवला होता. त्याने विचारलं, काम काय करता? तू सांगितलंस, शेती. कुठली शेती रे? आपल्या शेतात आता टॉवर उभे आहेत, लिफ्टने वर जावं लागतं! तो म्हणाला, डेकोरेशनचं काम असेल तर तसं लिहू, त्याची नोंदणी करून घेऊ, मी मदत करतो. तू त्याला चहा पाजलास आणि घालवून दिलंस. का? तर नोंदणी केली की धंदा झाला, आणि धंदा झाला की भावकीत वाकडं बोलतात. "आमचे पोराचे हलदीला पैसं कमवाला आला," असं कोणी म्हणालं असतं तर तुझं नाक कापलं गेलं असतं. नाक शाबूत राहिलं, दादूस. बाकीचं काय?

बाळारामकाकाच्या पोराची हळद. काका बाबांचा चुलतभाऊ, म्हणजे घरातलाच. काम संपलं की तो तुला काय देणार होता? मजुरी नाही, पाकीट. टॉवेल-टोपी आणि पाकीट, आहेर म्हणून. गावात तुला सगळे असंच द्यायचे आणि तू दोन्ही हातांनी घ्यायचास. त्या पाकिटाची तुझी अगोदर बोली झालेली असायची, फूलवाल्याचे पैसे त्यातूनच जायचे, घर त्यावर चालायचं. पण तोंडाने म्हणायचं मात्र आहेर!

कमानीवर शेवटचा हार बांधताना शिडीचा पाय तुटून ती सरकली आणि तू खालच्या लाद्यांवर डोक्यावर पडलास. पनवेलच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तिथे पोलिसाने विचारलं, हा कामावर होता का? तेव्हा काका काय म्हणाला माहीत आहे?

"नाय सायेब. पाव्हना हाय. घरचा पोर, हौशेनं वर चरला."

आणि वहिनीला विचारलं, तर तिनेही मान हलवली! तुझी बायको! ज्या बाईने आदल्या दिवशी तुझ्यासोबत बसून टोपलीभर झेंडू ओवला, तिने मान हलवली. नवरा मजुरीवर गेला होता, हे भावकीसमोर म्हणायची तिला लाज वाटली. ती लाज तिची नव्हती रे, तुझी होती. तू तिच्याकडे ठेवून गेलास.

झालं! तू पाहुणा ठरलास. पाहुणा पडला तर कोण कोणाला काय भरून देणार? मांडववाला म्हणाला, पाइप माझे, माणूस माझा नाही. काका म्हणाला, पाहुणा. विमा नाहीच.

मला दहा दिवसांची सुट्टी मिळाली. दहाव्याला काका आला, वहिनीच्या हातात पाकीट ठेवलं आणि रडला. खोटं नव्हता रडत. तुला उचलून गाडीत त्यानेच घातलं होतं, त्याचा नवा सदरा तुझ्या रक्ताने भरला होता. मी म्हटलं, "काका, हे काय हाय? मजुरी, भरपाई, का आहेर?"

"आसा का बोलतंस, दिन्या? तुजा भाऊस तो माजा पोर."

"मंग तुजे पोराला का नाय चरवलास वर?"

म्हाताऱ्यांनी मला बाहेर काढलं. मी वाईट ठरलो. ठरू दे!

आता तू म्हणशील, लायसन-लायसन करून गरिबाचंच पोट मारतात. माहीत आहे मला. कचेरीत गेलं की दुकान कुठे आहे, घराचा कागद कुठे आहे, हेच विचारणार. गावठाणातल्या घराला कागद कुठून आणायचा? कामोठ्याला एका खोलीत रुखवत करणारी बाई, मेंदी काढणारी पोर, यांना रांगेत उभं करून मोठे डेकोरेटर मागच्या दाराने सुटणार, हेही मला कळतं. म्हणून काय, काहीच नको? मग नियम सोपा करा म्हणून भांडा ना! घरी बसून काम करणाऱ्याला घरच्या पत्त्यावर नोंदणी द्या, फी कमी ठेवा. पण जो उंचावर चढतो, जो विजेच्या वायरी जोडतो, जो चारशे माणसांचा रस्सा शिजवतो, त्याची नोंद हवी आणि त्याचा विमा हवाच. तो कागद सरकारसाठी नाही रे. माणूस पडल्यावर चार लोकांनी त्याला पाहुणा म्हणू नये, त्यासाठी आहे.

हेच सकाळी वहिनीला सांगितलं. ती भडकली.

"तुमी तिथून बोलता! मना दुकान नाय, गाला नाय. पोरीची फी भरू का इम्याचा हप्ता? शेजारची केक करतं, तिला कोन इचारतं?"

"वहिनी, केक करताना कोणी शिडीवरून पडत नाय."

मग ती रडली. मला वाटलं फोन ठेवणार. ठेवला नाही. म्हणाली, "त्या दोन पोरांच्या आया माझेकडे इश्वासानं धारतान त्यांना." आणि मग हळूच, "हप्त्याचं पैसं पाठवा. एजंटाला बोलावतं उद्या. कागद हातान येईतो कोनला वर नाय चरवत, झेंडू खालीच बांधीन. पन भावकीत सांगू नका."

मी सांगणार! सगळ्या भावकीत सांगणार.

तुला वचन देतो, दादूस. मी कमावतोय तोवर वहिनी आणि ती दोन पोरं, तिघांचा हप्ता माझा. पुढच्या सुट्टीत येईन तेव्हा बिलबुक छापून आणीन, आणि काकाच्या धाकट्याची हळद निघाली की पहिलं बिल त्याच्या हातात मी स्वतः देईन. बघू कोण काय बोलतो ते.

ज्याने तुझ्याशी भांडण अजून संपवलेलं नाही, तो तुझा धाकटा,
दिन्या

वहिनीच्या खात्यात टाकतोय, नोंदणी, तिघांचा विमा आणि दोन बेल्ट यांचे मिळून. हा आहेर नाही, म्हणून वरचा एक रुपया ठेवलेला नाही. फक्त अकरा हजार.