निर्भय सैनिकाचे पदक आणि शनिवारचा चहा

मी, लू बिंग-हुई, वय ब्याऐंशी, पूर्वीचा छापखानेवाला, राहणार चिआयी, तैवान, पूर्ण शुद्धीत आहे. स्मरणशक्तीही शाबूत आहे, हे माझे दुर्दैव. कोणाच्याही दडपणाशिवाय मी लिहिलेला हा बहुधा पहिलाच कागद.

एक. घर आणि खालचा बंद छापखाना माझी एकुलती मुलगी युए-नी हिला. यंत्र भंगारात द्यायला हरकत नाही. त्याने दोन्ही बाजूंचे छापले आहे, मालकासारखेच.

दोन. शहराने मला दिलेले ‘लोकशाहीचा निर्भय सैनिक’ हे पदक माझ्या मृत्यूनंतर परत करावे. कारण असे: लष्करी कायद्याच्या काळात माझा मित्र त्सेंग मू-शान याचे बंदी घातलेले साप्ताहिक मी छापत असे, हे खरे. दर शनिवारी सुरक्षा खात्याचे फान साहेब माझ्याकडे चहाला येत आणि अंक कोण कोण नेतो ते मी त्यांना सांगत असे, हेही खरे.

"लू, तुझी बायको शाळेत शिकवते ना? छान नोकरी आहे," एवढेच ते पहिल्यांदा म्हणाले होते. मला धमकीसुद्धा धड मिळाली नाही.

मू-शानला सात वर्षे तुरुंगवास झाला. माझे यंत्र महिनाभर जप्त झाले, म्हणून मी शूर ठरलो.

लष्करी कायदा उठला, फान साहेब निवृत्त झाले आणि लोकशाहीवादी म्हणून निवडणुकीला उभे राहिले. पत्रके माझ्याकडेच छापली. मी त्यांना मत दिले. सवय.

तीन. मू-शानला काहीही नाही. साक्षीदाराला वारसा मिळत नाही असे वकीलबाई म्हणतात, आणि साक्षीदार मला तोच हवा आहे. सुरक्षा खात्याची जुनी कागदपत्रे खुली झाली तेव्हा तो आपली फाइल वाचून थेट माझ्याकडे आला. खबऱ्याच्या नावावर काळे फासलेले होते.

"यात लिहिलंय, माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुटलाय. ती मी तुझ्या दुकानात तारेनं बांधली होती रे."

मी चहा ओतला, टेबलावर. मग फान साहेबांचे ते पहिले वाक्य त्याला सांगितले.

"बायकोची नोकरी वाचली का?"

"वाचली."

"बरं झालं. पण माझ्याबद्दल जरा भारदस्त काहीतरी सांगायचंस की!"

तो अजून दर गुरुवारी बुद्धिबळ खेळायला येतो. कोणाजवळ बोलला नाही. मी मात्र त्यानंतर एकही डाव जिंकलेलो नाही. जिंकायची हिंमतच होत नाही.

चार. वरील मजकूर सहीपूर्वी युए-नीला वाचायला दिला. तिसऱ्या दिवशी भात वाढताना ती म्हणाली, "बाबा, पदक तुम्ही स्वतः जाऊन परत करा. आणि का ते सगळ्यांसमोर सांगा. मेल्यावर काय, कोणीही खरं बोलतं."

सबब कलम दोनमधील ‘माझ्या मृत्यूनंतर’ हे शब्द खोडले आहेत. सोमवारी सकाळी दहाला जातो. सही वाकडी आली आहे. दोष वयाला देऊ नये.

लू बिंग-हुई

साक्षीदार: त्सेंग मू-शान (वाचले, सगळे खरे आहे. सोमवारी मीही सोबत जातो.)
वकील के रुओ-यिन

चिआयी, शुक्रवार, ११ मार्च २०२२