युगांडाचं परमिट

पाटस, रविवार

चि. नवनाथ,

मामाचा आशीर्वाद. आज तो जरा जड जातोय.

युगांडातल्या साखर कारखान्यानं तुला पॅनमन म्हणून बोलावलं, म्हणजे पाकातून साखरेचा दाणा पाडायला. तीस वर्षं तो दाणा मी बोटांत चोळून ओळखला, तुलाही मीच शिकवला, आन् तिथं कामाला जायचं परमिट निघणार तुझं! मी जळलो बघ.

तुला शिकवणारा म्हणून सोमवारी तिकडच्या साहेबानं मला फोनवर विचारलं, "नवनाथ अकेला पॅन संभालेगा?"

मी म्हणालो, "अभी कच्चा है."

तिथंच तुझा कागद अडला. तू माझ्याकडंच आलास, "मामा, कुठं घोडं अडलं असंल?"

"सरकारी काम हाय बाबा," मी म्हणालो.

काल इथल्या कारखान्यात तू पाडलेला दाणा चोळून पाहिला. माझ्या दाण्यापेक्षा एकसारखा होता. आज साहेबाला फोन लावला, "मैं झूठ बोला. वो मुझसे अच्छा है."

साहेबाला खरं सांगितलं, तुला सांगायचा धीर नाही. हे पत्र ट्रंकेतच राहील. परमिट आलं की तू पेढे आणशील. मी एकच खाईन, दुसरा घशाखाली उतरायचा नाही.

जळतो, पण तुझाच,
बन्सीमामा